मधले दोन मिलिमीटर

मिलिटरी स्पेशल रेल्वेगाडीचं मॉडेल बघायला आलेला माणूस आधी रणगाड्याकडे बघतो, आणि ते साहजिक आहे. तोफेची नळी, टरेट, हिरव्यावर ओढलेले मातकट पट्टे, नजर तिकडेच जाते. माझी नजर मात्र खालून वर चढते. रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात माझी सगळी नोकरी झाली. तिथं गाडी आली की आधी चाक बघायचं, मग स्प्रिंग, ब्रेकचे ब्लॉक, कपलिंग, वॅगनचा तळ आणि सगळ्यात शेवटी तिच्यावर लादलेला माल. निवृत्तीनंतर मी एचओ स्केलची, म्हणजे १:८७ प्रमाणातली मॉडेल रेल्वे करायला घेतली, तेव्हा ही नजर माझ्याबरोबर आलीच. फौजी गाडीचं खरेपण मला रणगाड्यापेक्षा रणगाडा आणि वॅगन जिथं एकमेकांना टेकतात तिथं सापडतं. लाकडाच्या गुटक्यांत, तारेच्या पिळात, वॅगनच्या मापाबाहेर आलेल्या दोन मिलिमीटरांत.

माझ्या नोकरीचा बराच काळ दौंड–मनमाड मार्गावर गेला. हा मार्ग अहमदनगरवरून, आताच्या अहिल्यानगरवरून जातो. तिथं १९४८ पासून चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि शहराबाहेर के. के. रेंज हे गोळीबाराच्या सरावाचं मोठं मैदान आहे. मनमाडहून मुंबईकडे निघालं की देवळाली लागतं, तिथं तोफखान्याचं स्कूल. त्यामुळे रणगाडे, तोफा, शक्तिमान ट्रक आणि जोंगा जीप लादलेल्या गाड्या आमच्या भागाला नवीन नव्हत्या. माल फौजेचा असला तरी वॅगन धावण्यालायक आहे हा दाखला द्यायची जबाबदारी आमची, म्हणजे टीएक्सआरची, ट्रेन एक्झामिनरची. ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर आमची सही झाल्याशिवाय गाडी हलत नसे.

रणगाडा रेल्वेवर चढवताना सगळ्यात आधी त्याची रुंदी अडते. सामान्य माणसाला वाटतं, वजन अडत असेल. वजनाचाही विचार करावा लागतोच, पण खरी अडचण रुंदीची. भारतीय ब्रॉडगेजवर वॅगन आणि तिच्यावरचा माल मिळून ३,२५० मिलिमीटरच्या रुंदीत बसावा लागतो. त्याच्या बाहेर काही गेलं की त्याला ओडीसी म्हणतात, मापाबाहेरचा माल. मग वाटेतला प्रत्येक फलाट, सिग्नलचा खांब, पुलाचा कठडा आणि शेजारचा रूळ यांच्यापासून किती अंतर राहतं ते तपासावं लागतं. अंतर फार कमी राहत असेल तर गाडी फक्त दिवसा, कमी वेगानं आणि सोबत रेल्वेची माणसं देऊन न्यायची.

आता आपल्या फौजेतले रणगाडे या मापाशी ताडून बघा. चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात झालेला विजयंता ३.१७ मीटर रुंद, म्हणजे मापात बसणारा. सोव्हिएत बनावटीचा टी-५५ ३.२७ मीटर, म्हणजे केवळ दोन सेंटिमीटरनं बाहेर. टी-७२ बाजूच्या पत्र्यांसकट ३.५९ मीटर. अर्जुन तर त्याच्याही पुढे, ३.८६ मीटर, आणि त्याच्यासाठी वेगळ्या वॅगनी तयार कराव्या लागल्या. रणगाड्याचा आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावर रेल्वेचं माप असतंच असतं, आणि हे पहिल्यापासून आहे. १९१६ साली ब्रिटिशांचे पहिले मार्क वन रणगाडे रेल्वेनं निघाले तेव्हा त्यांच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले तोफांचे कोनाडे काढून वेगळे न्यावे लागले. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगरला चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांचे दोन जोड होते. लढाईचे ७२५ मिलिमीटर रुंद आणि रेल्वेप्रवासाचे ५२० मिलिमीटर. प्रवासाला निघताना बाहेरच्या ओळीतली चाकंही काढायची, तेव्हा कुठं ३.७ मीटरचा टायगर ३.१५ मीटरवर येई. युरोपातली गाडी करणाऱ्या मॉडेलकारानं टायगर वॅगनवर चढवताना हे विसरू नये. वॅगनवरचा टायगर अरुंद पट्ट्यांवर उभा दिसला पाहिजे.

१:८७ मध्ये ३,२५० मिलिमीटरचे होतात ३७.४ मिलिमीटर. विजयंता होतो ३६.४ मिलिमीटरचा आणि टी-७२ होतो ४१.३ मिलिमीटरचा. म्हणजे टी-७२ दोन्ही बाजूंना प्रत्येकी जेमतेम दोन मिलिमीटर मापाबाहेर येतो. मॉडेल करताना मला सगळ्यात जास्त हे दोन मिलिमीटर सांभाळावे लागतात. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला एक असं झालं, तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण गाडी खोटी वाटेल. प्रत्यक्षातही तसंच होतं. रणगाडा वॅगनवर चढला की आम्ही दोन्ही बाजूंनी टेप लावून बाहेर आलेला भाग मोजायचो. एका बाजूला थोडा जास्त भरला तर रणगाडा परत मागे घ्यायला लावायचो. रुळांच्या मध्यरेषेवर रणगाड्याची मध्यरेषा आली पाहिजे, मग बाकीचं बोलणं.

बाजारात रणगाड्यांचे किट बहुतेक १:७२ किंवा १:३५ प्रमाणातले मिळतात. १:७२ चा रणगाडा १:८७ च्या वॅगनवर ठेवायचा मोह खूप जणांना होतो, कारण तो सहज मिळतो आणि डोळ्यांना भरतो. पण त्या प्रमाणात टी-७२ पन्नास मिलिमीटर रुंद होतो. वॅगनच्या मापापेक्षा साडेबारा मिलिमीटर जास्त. खऱ्या गाडीच्या हिशोबात तो एक मीटरहून जास्त बाहेर आलेला रणगाडा झाला, आणि अशी गाडी पहिल्याच फलाटाला घासून उभी राहील. १:८७ मध्ये रणगाडे मिळवायला खटपट करावी लागते, पण मिळतात. १९६० मध्ये सुरू झालेल्या ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या रोको कंपनीनं सुरुवातीच्या काळात या प्रमाणातले छोटे रणगाडे केले होते. आपल्या फौजेचे जे रणगाडे कुणी करत नाही, ते मी स्टायरीनच्या पत्र्यातून कापतो.

एक तडजोड मात्र सगळ्यांनाच करावी लागते. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचं, त्याचे १:८७ मध्ये १९.२६ मिलिमीटर व्हायला हवेत. तयार मिळणारे एचओचे रूळ १६.५ मिलिमीटरचे, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या गेजचे. रूळ अरुंद झाल्यामुळे रणगाडा आहे त्यापेक्षा जास्त बाहेर झुकलेला भासतो. यावर माझा उपाय असा की वॅगनचा तळ, बाजू आणि बोगीची चौकट सगळं अचूक ब्रॉडगेजच्या मापानं करायचं आणि फक्त चाकं आत घ्यायची. बाजूनं बघताना गाडी मापात दिसते, आणि मॉडेल नव्वद टक्के वेळा बाजूनंच बघितलं जातं.

आता लादण्याचं सांगतो, कारण बघण्यासारखं खरं काम तिथं होतं. रणगाडे क्रेननं वॅगनवर ठेवले जात नाहीत. सायडिंगच्या टोकाला रॅम्प असतो. सगळ्या वॅगनी जोडून, ब्रेक बांधून रॅम्पला लावतात. दोन वॅगनींच्या मधल्या फटीवर लोखंडी पत्रे टाकतात. रॅम्पकडच्या वॅगनीच्या टोकाखाली लाकडी स्लीपरची थप्पी लावतात, नाहीतर चाळीस टनांचा रणगाडा टोकावर आला की वॅगन पुढे दबते आणि मागून उचलते. मग पहिला रणगाडा रॅम्प चढून सगळ्या वॅगनींवरून चालत थेट पलीकडच्या टोकाला जातो. त्याच्या मागे दुसरा, मग तिसरा. समोर एक जवान उलट पावलांनी चालत दोन्ही हातांनी इशारे देत असतो. ड्रायव्हरला पट्ट्यांच्या कडा दिसत नाहीत, त्याला दिसतात फक्त ते हात. वॅगनवर रणगाडा वळवायचा नसतो. वळवला की पट्टा लाकडी फळ्या ओरबाडतो. बाजूला सरकवायचा तर थोडा मागे, थोडा पुढे, पुन्हा थोडा मागे, असं करत करत.

साताऱ्याकडचे एक दफेदार अशा वेळी इशाऱ्याला उभे असायचे. हातवारे अगदी थोडे, पण ड्रायव्हर त्यांच्यावर डोळे झाकून चालायचा. रणगाडा जागेवर आला की ते खाली उतरून माझ्याजवळ यायचे.

“टीएक्सआर साहेब, बघा आता तुमच्या टेपनं.”

“दफेदारसाहेब, उजवीकडं दोन बोटं जास्त आहे.”

“मग काढतो मागं. तुम्ही खालचं बघा, आम्ही वरचं बघतो. मधलं मात्र दोघांनी मिळून बघायचं.”

मधलं म्हणजे गुटके आणि तारा. रेल्वेच्या हद्दीतली वॅगन माझी, फौजेच्या हद्दीतला रणगाडा त्यांचा, आणि ज्यामुळे वॅगन आणि रणगाडा एकजीव होऊन धावतात ती बांधणी कुणा एकाची नाही. त्यांच्या त्या एका वाक्यात मला माझ्या पुढच्या छंदाचाही धागा मिळाला, असं आज वाटतं.

ही बांधणी मॉडेलमध्ये कशी करतो ते सांगायला मला आवडतं. गुटके मी आइसक्रीमच्या काडीतून कापतो. पट्ट्याच्या पुढच्या आणि मागच्या चाकाला अडवणारी पाचर तिरकी असावी लागते, तिचा उतार पट्ट्याच्या गोलाईला घासून बसला पाहिजे. म्हणून पाचर आधी कापून ठेवत नाही. रणगाडा वॅगनवर ठेवतो, त्याला मध्यरेषेवर आणतो, मग एकेक पाचर जागेवर लावून कानशीनं घासून बसवतो. बाजूला सरकू नये म्हणून पट्ट्याच्या कडेनं लांब पट्टी ठोकलेली असते, तीही तशीच. खिळे दाखवायला टाचणीच्या टोकानं भोक पाडून त्यात काळ्या रंगाचा कण. तारेसाठी जुन्या बंद पडलेल्या इअरफोनमधली तांब्याची बारीक तार काढतो, दोन पदर एकत्र घेऊन पीळ देतो. खऱ्या बांधणीत तार दोन-तीन पदरी घेऊन मध्ये दांडा घालून पिळतात आणि ताण देतात, त्यामुळे मधोमध पीळ घट्ट आणि टोकांना सैल दिसतो. तो फरक मॉडेलमध्ये आणला की बघणाऱ्याला तारेतला ताण जाणवतो. साखळी असेल तर ती ताणायची टर्नबकलही हवी. सराफाच्या गल्लीत दागिन्यांची जी सगळ्यात बारीक साखळी मिळते ती मला चालते. तिला काळपट करून मग लावतो, कारण पितळ चमकलं की सगळं बिघडलं. तार किंवा साखळी नेहमी तिरकी जाते. पुढच्या कडीतून पुढे, मागच्या कडीतून मागे. गाडीला धक्का लागतो तो पुढे-मागेच, ब्रेक लागताना आणि कपलिंग ताणताना. सरळ खाली बांधलेली तार दिसायला नीटस, पण पुढे-मागे ओढणाऱ्या बळाला ती धरून ठेवत नाही.

लादताना जे घडतं त्याच्या खुणा वॅगनवर राहतात, आणि मला त्यांच्या रंगकामात मनापासून गोडी आहे. रॅम्पजवळच्या वॅगनवरून सगळे रणगाडे चालून गेलेले असतात. पलीकडच्या टोकाच्या वॅगनवर एकच. त्यामुळे सरावाहून परत निघालेल्या गाडीत रॅम्पकडच्या वॅगनींच्या फळ्यांवर चिखल जास्त, फळ्या जास्त घासलेल्या, आणि टोकाकडे जाताना हे कमी कमी होत जातं. रेंजवर निघालेली गाडी असेल तर रणगाड्यांवर धूळ कमी, आणि वॅगनवर फक्त पट्ट्यांचे पुसट ठसे. परतीची असेल तर पट्ट्यांच्या सांध्यांत नगरची काळी माती वाळून राखाडी झालेली, मागच्या बाजूला धुळीचा जाड थर. गाडी जाणारी की येणारी, हे मी पहिल्या दिवशी ठरवतो आणि मगच ब्रश हातात घेतो.

वजनाची गंमत मला मॉडेल करतानाच कळली. टी-७२ चं वजन ४१.५ टन. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ८७ पटीनं कमी झाली म्हणजे वजन ८७ गुणिले ८७ गुणिले ८७ पटीनं कमी व्हायला हवं. हिशोब केला तर रणगाडा ६३ ग्रॅमचा होतो. अमेरिकेतल्या मॉडेलकारांच्या संघटनेची, एनएमआरएची, जुनी शिफारस आहे की एचओ वॅगनचं वजन एक औंस अधिक दर इंच लांबीला अर्धा औंस असावं. सहा इंची वॅगनला चार औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. पन्नास ग्रॅमची रिकामी सपाट वॅगन आणि ६३ ग्रॅमचा रणगाडा मिळून नेमके तेवढेच भरतात. म्हणून मी रणगाडा खरोखर वजनदार करतो. मासेमारीच्या जाळ्याला लावायचे शिशाचे मणी हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या धडाच्या, तळाशी चिकटवतो, टरेटमध्ये एकही नाही, कारण वजन खाली राहिलं तरच गाडी वळणावर स्थिर चालते. हलकी सपाट वॅगन जड डब्यांच्या मध्ये अडकली की ओढाताणीत रुळावरून उतरते. भरलेली गाडी भरलेल्यासारखी चालवायची तर तिच्यात खरोखरचं वजन हवं.

वजनाचा दुसरा परिणाम स्प्रिंगवर होतो. आपल्या ब्रॉडगेजवर रिकाम्या गाडीत कपलिंगची उंची रुळापासून जास्तीत जास्त १,१०५ मिलिमीटर आणि भरलेल्या गाडीत कमीत कमी १,०३० मिलिमीटर असावी लागते. मधला फरक ७५ मिलिमीटरचा, मॉडेलमध्ये एक मिलिमीटरहूनही कमी. तरी मी भरलेल्या वॅगनी अर्धा मिलिमीटर खाली बसवतो. शेजारच्या रिकाम्या वॅगनीच्या तळाची रेघ आणि हिची रेघ जुळत नाही, आणि एवढ्यावरून डोळ्यांना रणगाड्याचा भार कळतो.

वळण हा मॉडेलचा सगळ्यात कठीण भाग. आपल्याकडे ब्रॉडगेजचं सगळ्यात तीव्र वळण १० अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं. १:८७ मध्ये ती त्रिज्या दोन मीटर होते. घरात एवढी जागा कुणाकडे असते? बहुतेक जण १८ इंच, म्हणजे ४५७ मिलिमीटर त्रिज्येची वळणं टाकतात. अशा वळणावर वॅगनचा मधला भाग आतल्या बाजूला साडेतीन मिलिमीटर सरकतो, आणि रणगाडा आधीच दोन मिलिमीटर बाहेर आलेला असतो. जवळच्या सिग्नलला, फलाटाला किंवा बोगद्याच्या तोंडाला तो लागणारच. रेल्वेत हे माप गाडी येण्याआधी घेतात, मीही तेच करतो. एका वॅगनवर रणगाड्याच्या रुंदी-उंचीची पुठ्ठ्याची कमान लावून ती संपूर्ण मार्गावर हातानं ढकलतो. जिथं कमान घासते तिथं खांब हलवतो, फलाटाची कड कापतो किंवा तो रूळ ओडीसीला बंद करतो. मुख्य मार्ग मोकळा, बाजूची एखादी लूप लाइन बंद, आणि गाडी त्या हिशोबानं घ्यायची. खऱ्या कंट्रोल ऑफिसमध्येही असेच निर्णय होतात, म्हणून अडथळा आला तरी मला त्यात समाधान वाटतं.

गाडीत काय काय जोडायचं हे काळावर अवलंबून आहे. रणगाडे एका रेजिमेंटचे असतील तर एकाच जातीचे असतील. शर्मन, विजयंता आणि अर्जुन एकाच गाडीत बघितले की मला वाईट वाटतं, कारण ते फक्त संग्रहालयातच एकत्र येतात. मी १९८० च्या दशकातली गाडी करतो. पुढे डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन, २,६०० अश्वशक्तीचं, व्हॅक्युम ब्रेकच्या दिवसांतलं. मागे जवानांसाठी आयसीएफ कारखान्यातले लालसर डबे, त्यातल्या एकात लंगरची सोय. मग सपाट वॅगनींवर विजयंता नाहीतर टी-७२, त्यांच्यामागे शक्तिमान ट्रक आणि जोंगा, मग सामानाच्या बंद वॅगनी आणि शेवटी गार्डची ब्रेकव्हॅन. १९६० चं दशक करायचं असेल तर डब्ल्यूजी वाफेचं इंजिन आणि सेंच्युरियन शोभतील. आपल्याकडे एका ट्रूपमध्ये तीन रणगाडे आणि एका स्क्वाड्रनमध्ये चौदा. घरात अख्ख्या स्क्वाड्रनची गाडी मावत नाही, कारण लूपच ६८६ मीटरची धरली तर १:८७ मध्ये जवळपास आठ मीटर होते आणि माझा मार्ग एका बाजूला चार मीटरचा आहे. म्हणून मी एक ट्रूप आणि त्याच्या जोडीच्या गाड्या एवढीच गाडी करतो. आकडा तीनचा असला की तुकडी पूर्ण वाटते. चार किंवा पाच रणगाडे उगाच जोडले की तो हिशोब फौजेतल्या माणसाला लगेच खटकतो.

चाकांच्या गाड्यांना वेगळी वागणूक लागते. ट्रक आपल्या स्प्रिंगवर डुलतो, म्हणून त्याला ॲक्सलला आणि चेसिसला बांधतात आणि चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावतात. टायर जमिनीला टेकतो तिथं थोडा पसरट होतो. मी मॉडेलच्या टायरचा तळ कानशीनं केसभर सपाट करतो, मग ट्रक वॅगनवर ठेवलेला न वाटता उभा राहिलेला वाटतो. ताडपत्री घट्ट बांधलेली, जोंग्याची समोरची काच दुमडलेली, अँटेना बांधून खाली घेतलेल्या. मनमाडच्या पुढे पंचवीस हजार व्होल्टच्या ओव्हरहेड तारा होत्या, तिथं रणगाड्यावर कुणी चढायचं नाही, अशी सक्त ताकीद असे. म्हणून धावत्या गाडीत मी रणगाड्यावर माणूस उभा करत नाही. माणसं डब्यांच्या दारात, ब्रेकव्हॅनमध्ये आणि थांबलेल्या गाडीजवळ, रुळांच्या कडेला.

गाडीचा वेगही प्रमाणात हवा. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी १:८७ मध्ये सेकंदाला जेमतेम १३ सेंटिमीटर सरकते. चार मीटरची बाजू पार करायला अर्धा मिनिट. आलेल्या मुलांना सुरुवातीला हे संथ वाटतं, मग ती खाली बसून वॅगनी मोजू लागतात. संथ गाडीतच गुटके दिसतात, तारा दिसतात, तळाची रेघ दिसते.

एक पथ्य मी कटाक्षानं पाळतो. नोकरीत असताना फौजी गाडीची तारीख, क्रमांक, जाणं-येणं याबद्दल खात्याबाहेर बोलायचं नाही ही शिस्त अंगात मुरली होती. मॉडेल करतानाही ती शिस्त पाळतो. चालू काळातली गाडी करत नाही, कुठल्या खऱ्या तुकडीचं चिन्ह काढत नाही, नंबर प्लेटवरचा बाण काढतो पण आकडे मनाचे घालतो. मापं आणि रंग यांच्यासाठी जे सगळ्यांना खुलं आहे तेच पुरेसं आहे. अहिल्यानगरचं रणगाड्यांचं संग्रहालय १९९४ पासून आहे. तिथं सेंच्युरियन, विजयंता असे रणगाडे शेजारी उभं राहून बघता येतात. पट्ट्याच्या एका कडीवर किती धूळ बसते, रंग कुठं आधी उडतो, हे तिथं तासभर उभं राहिलं की कळतं. पुण्यात जोशी यांचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. छोट्या रुळांवर गाड्या शिस्तीत कशा चालवायच्या हे ज्याला शिकायचं असेल त्यानं तिथं जावं.

कधी कधी कुणी विचारतं की युद्धाच्या वस्तूंचं खेळणं कशाला करायचं. प्रश्न प्रामाणिक असतो, म्हणून मीही मनापासून उत्तर देतो. माझ्या मॉडेलमध्ये लढाई नाही. त्यात माल लादणं, बांधणं, तपासणं, मार्ग मोकळा करणं आणि सुखरूप पोचवणं आहे. हे काम करणाऱ्यांची नावं युद्धाच्या पुस्तकांत क्वचित येतात. सप्टेंबर १९६५ मध्ये, भारत-पाकिस्तान युद्धात, राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातल्या गडरा रोडजवळ आघाडीवर रसद नेणाऱ्या गाडीवर हल्ला झाला आणि १७ रेल्वे कर्मचारी मारले गेले. ते ड्रायव्हर, फायरमन, खलाशी, गँगमन अशा कामांतले लोक. रेल्वेत त्यांची आठवण आजही दरवर्षी काढली जाते. मी खात्यात लागलो तेव्हा जुन्या माणसांनी ही गोष्ट आम्हाला सांगितली होती, आणि फौजी गाडीच्या चाकावर हातोडा मारून आवाज ऐकताना ती माझ्या मनात असायची. त्या कामाची नोंद कुठं तरी नजरेला दिसेल अशी राहावी, ही माझी इच्छा आहे. खलाशाचा हातोडा, टेप धरलेला हात, दफेदाराचे इशारे यांच्यासाठी माझ्या मॉडेलमध्ये जागा आहे, आणि ती रणगाड्याइतकीच मोठी आहे.

म्हणून अशी गाडी करायला निघालेल्या तरुण मुलामुलींना माझं सांगणं आहे की पहिली खरेदी रणगाड्याची करू नका. आधी एक सपाट वॅगन घ्या, तिचा तळ फळ्या लावून नीट करा, तिच्यात वजन भरा, ती वळणावर चालवून बघा. पुठ्ठ्याची कमान कापून सगळ्या मार्गाचं माप घ्या. मग कुठला काळ, कुठला रणगाडा आणि गाडी जाणारी की येणारी ते ठरवा. त्यानंतर रणगाडा आणा, मध्यरेषेवर ठेवा, दोन्ही बाजूंना मोजा आणि पहिली पाचर घासायला बसा. तिथून पुढचं काम तुम्हाला तो रणगाडाच सांगत जाईल, कारण तो कुठं टेकतो आणि कुठून सरकू बघतो हे तोवर तुमच्या हाताला कळलेलं असेल.